स्त्रियांची वस्त्रे आणि जकातपत्रक



वस्त्राचे नाव सांगायला आपल्याला कधी विचार करावा लागत नाही. हे पोलके, हा परकर, हा झगा, असे आपण पाहताक्षणी म्हणतो. शिंप्याला ते कळते, दुकानदाराला कळते आणि नेसणारीला तर कळतेच कळते. परंतु तेच वस्त्र परदेशातून पेटीत बंद होऊन न्हावाशेवाच्या बंदरात किंवा इंदूरजवळ पिथमपूरच्या कोरड्या बंदरात उतरले, की त्याच्या नावाला फारसे मोल उरत नाही. तेथे त्याला एक आकडा मिळवावा लागतो, आणि त्या आकड्यावर त्याची जकात ठरते. हा आकडा कसा ठरतो आणि त्याचा भार अखेर कोणावर पडतो, हे आज थोडक्यात पाहू.

जगातील दोनशेहून अधिक देश व प्रदेश मालाचे वर्गीकरण करण्यासाठी एकच यादी वापरतात. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. ही यादी १९८८ च्या १ जानेवारीपासून अमलात आली आणि काही वर्षांच्या अंतराने तिची दुरुस्ती होत असते. आकड्याची पहिली सहा स्थाने सर्व देशांत सारखी असतात. पुढची स्थाने ज्याची त्याने जोडायची, आणि जकातीचा दरही ज्याचा त्याने ठरवायचा. आपल्या जकातपत्रकात हा आकडा आठ स्थानांचा आहे.

आता पेटी उघडली आहे आणि परीक्षकाच्या हाती एक वस्त्र आले आहे, अशी कल्पना करा. त्याचा पहिला प्रश्न कापडाविषयी असतो. हे कापड ताणाबाणा घालून मागावर विणलेले आहे, की होजिअरीप्रमाणे फाशात फासा गुंतवून केलेले आहे? होजिअरीचे असेल तर ते ६१ व्या प्रकरणात जाते आणि मागावरचे असेल तर ६२ व्या प्रकरणात. अंगावर घातल्यावर जो भेद कोणाच्या लक्षातही येत नाही, तो येथे सर्वांत आधी विचारला जातो.

दुसरा प्रश्न, हे वस्त्र पुरुषाचे की स्त्रीचे? उत्तर गुंड्यांच्या पट्टीवर शोधतात. पुढून उघडणाऱ्या वस्त्राची डावी बाजू उजवीवर येत असेल तर ते पुरुषाचे, आणि उजवी डावीवर येत असेल तर स्त्रीचे. अर्थात कापणीवरूनच ते कोणाचे हे उघड दिसत असेल, तर गुंड्यांची साक्ष काढण्याचे कारण नाही. आणि कशावरूनच काही उमगत नसेल तर? तर ते वस्त्र स्त्रियांच्या शीर्षकात घालावे, असा स्पष्ट नियम आहे. जे कोणाचेच ठरत नाही ते स्त्रीच्या पदरात! मात्र ८६ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या बालकांची वस्त्रे निराळ्या शीर्षकात जातात आणि तेथे हा भेदच नाही. तेवढी उंची ओलांडली, की जकातपत्रकाच्या लेखी मूल हे मुलगा किंवा मुलगी होते.

तिसरा प्रश्न वस्त्राच्या प्रकाराचा. मागावरच्या कापडाचे स्त्रियांचे झगे, घागरे, विजारी व जाकिटे ६२०४ या शीर्षकात येतात, पोलकी आणि सदरे ६२०६ मध्ये आणि परकर व रात्रीचे पोषाख ६२०८ मध्ये. पोलके आणि विजार एकाच खोक्यात जोडीने आली, तरी सामान्यतः प्रत्येकाने आपापल्या शीर्षकात जावे असा दंडक आहे. दोन्ही एकाच कापडाची असतील आणि जोडीच्या व्याख्येत बसत असतील, तरच त्यांना एकत्र राहता येते.

चौथा प्रश्न सुताचा. मिश्र सुतात ज्या तंतूचे वजन अधिक, त्याचेच ते सारे वस्त्र मानले जाते. शंभर भागांत साठ भाग कापूस असेल तर वस्त्र सुती. कापूस आणि पॉलिएस्टर समसमान असतील तर यादीत ज्याचा क्रम नंतर येतो त्याची सरशी होते, म्हणजे ते कृत्रिम धाग्याचे ठरते. चिठ्ठीवर ‘सुती’ असे छापलेले असले, तरी प्रयोगशाळेतील तराजूने निराळे सांगितले तर तराजूचेच खरे मानतात.

या साऱ्यात आपली साडी कोठे बसते? भारतीय जकातपत्रकात ती शिवलेल्या कपड्यांच्या प्रकरणांत नाही. रेशमी साडीची नोंद रेशमी कापडांत आहे आणि सुतीची सुती कापडांत. मागावरून उतरलेल्या लुगड्याला शिंप्याची कात्री लागलेली नसते. आपण त्याला संपूर्ण पोषाख समजतो, परंतु जकातीच्या दृष्टीने ते कापडच राहिले आहे.

आता कोणी म्हणेल, हा झाला कारकुनी काथ्याकूट! यात आपले काय जाते? जाते ते पैशांत जाते. अमेरिकेचे उदाहरण घ्या. तेथील मूळ जकातपत्रकात मागावरच्या कृत्रिम धाग्याच्या स्त्रियांच्या पोलक्यावर शेकडा २६.९ असा दर आहे. परंतु कमरेखाली खिसा असलेले वस्त्र पोलक्याच्या शीर्षकात बसत नाही. ते ‘इतर वस्त्रां’त जाते आणि तेथे दर शेकडा १६ आहे. म्हणून काही उत्पादक मुद्दाम पोलक्याच्या खालच्या कडेला एक इवलासा खिसा शिवतात. हा खिसा काही ठेवण्यासाठी नसून जकात वाचवण्यासाठी असतो. यात लबाडी नाही, कारण खिसा खरोखरच तेथे असतो.

त्याच देशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगातील अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २०१५ च्या आकड्यांवरून असे दिसले, की स्त्रियांच्या कपड्यांवर सरासरी जकात शेकडा १४.९ पडत होती आणि पुरुषांच्या कपड्यांवर शेकडा १२. तथापि प्रत्येक वस्तूत स्त्रीच भरडली जाते असे नाही. चामड्याच्या काही हातमोज्यांवर पुरुषांसाठी शेकडा १४ आणि इतरांसाठी १२.६ असा दर होता, आणि त्याविरुद्ध एक आयातदार न्यायालयात गेला. २०१० साली तेथील अपील न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. केवळ दर निराळे आहेत एवढ्यावरून सरकारचा हेतू पक्षपाताचा होता असे ठरत नाही, हे त्याचे कारण.

आपल्याकडे टक्केवारीत असा स्त्री-पुरुष भेद सहसा आढळत नाही. येथला पेच वेगळा आहे. कित्येक वस्त्रांवर ‘शेकडा इतके किंवा नगामागे इतके रुपये, यांपैकी जे अधिक ते’ अशी जकात असते. समजा, हा दर शेकडा २० किंवा नगामागे १०० रुपये आहे. हजार रुपयांच्या झग्यावर २०० रुपये पडतील, म्हणजे पाचवा हिस्सा. दोनशे रुपयांच्या झग्यावर टक्केवारीने ४० च होतात, पण भरावे लागतील १०० रुपये, म्हणजे निम्मी किंमत! स्वस्त परदेशी माल रोखून देशातील कारागिराला आधार द्यावा हा त्यातील हेतू. परंतु स्वस्त वस्त्र कोण घेते, हेही त्याच वेळी ध्यानात ठेवले पाहिजे.

म्हणूनच हा आकडा बरोबर मांडणे ही साधी गोष्ट नव्हे. २०११ पासून आपल्या कायद्यात वर्गीकरण करून जकात ठरवण्याची पहिली जबाबदारी आयातदारावरच आहे, आणि अधिकारी ते तपासतो. मालाचे वर्णन खोटे निघाले तर तो जप्त होऊ शकतो आणि वर दंडही बसतो. लहान व्यापाऱ्याला एक चुकलेली पेटी वर्षाचा नफा गमावायला पुरेशी होते. ज्याला शंका असेल त्याने माल मागवण्यापूर्वीच आगाऊ निर्णय मागावा. त्यासाठी २०२१ पासून मुंबई व दिल्ली येथे स्वतंत्र प्राधिकरणे काम करीत आहेत. अर्जासोबत कापडाचा नमुना आणि सुताचे प्रमाण मात्र खरे द्यावे.

ही जकात बंदरात आयातदार भरतो. पण पुढे ती मालाच्या किमतीत मिसळते आणि दुकानाच्या फळीवरून ग्राहकाच्या हाती येते. पोलके विकत घेणाऱ्या बाईला ६२०६ हा आकडा कधीच दिसत नाही. ती भाव करते, रंग पाहते, शिवण ताणून पाहते आणि पैसे मोजते. त्या पैशांतला एक वाटा गुंड्यांची पट्टी कोणत्या बाजूला आहे, सुतात कापूस किती आहे आणि कमरेखाली खिसा आहे की नाही, यांवर ठरलेला असतो. म्हणून ही कलमे लिहिणाऱ्यांनी लिहिताना तिची आठवण ठेवावी, आणि आपणही तिच्या वतीने ती अधूनमधून वाचून पाहावीत.