‘मॉरिसनची जिग’ : एका आयरिश नृत्यधुनीच्या पाठपरंपरेचा विचार

आयर्लंडच्या पारंपरिक नृत्यसंगीतात ‘जिग’ हा एक प्रमुख प्रकार होय. सहा मात्रांचा एक खंड, त्यात तीन-तीन मात्रांचे दोन गट, आठ खंडांचा एक भाग, आणि असे दोन भाग प्रत्येकी दोनदा वाजविले म्हणजे एक आवर्तन पुरे होते. नेहमीच्या द्रुत लयीत त्यास अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. इतक्या लहान आणि ठरीव रचनेचा इतिहास शोधणे सोपे असावे असे प्रथमदर्शनी वाटते. ‘मॉरिसनची जिग’ या नावाने आज सर्वत्र वाजणारी धून तपासावयास घेतली म्हणजे हा समज किती फसवा आहे ते ध्यानात येते.

जेम्स मॉरिसन (मृत्यू १९४७) हा स्लायगो परगण्यातील फिडलवादक. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाल्यावर १९२१ पासून १९३६ पर्यंत त्याने अनेक ध्वनिमुद्रिका दिल्या. प्रस्तुत धून त्याने १९३६ साली कोलंबिया कंपनीसाठी मुद्रित केली; परंतु तबकडीवरील नाव ‘मॉरिसनची जिग’ हे नव्हते, तर ‘मॉरिस कार्मडीज फेव्हरिट’ असे होते. केरी परगण्यातील अॅकॉर्डियनवादक टॉम कार्मडी हा मॉरिसनचा सहवादक. त्याने ही धून आपल्या वडिलांकडून, म्हणजे मॉरिस कार्मडीकडून, उचललेली होती, आणि त्याच्याजवळ तिचे नाव ‘द स्टिक अक्रॉस द हॉब’, म्हणजे चुलीशेजारच्या ओट्यावर आडवी टाकलेली काठी, असे होते अशी हकीकत सांगितली जाते. मॉरिसनने धून घेतली आणि देणाऱ्याच्या वडिलांचे नाव तिला दिले; वादकांनी पुढे तबकडीवरील वादकाचेच नाव तिला चिकटविले. ऋणनिर्देश म्हणून दिलेले नाव मागे पडावे आणि ऋणको धुनीचा स्वामी ठरावा, हा प्रकार थोडा खेदकारकच म्हटला पाहिजे.

यास्तव नावावरून शोध घेण्यात अर्थ नाही. फ्रान्सिस ओ'नीलचा १८५० धुनींचा संग्रह १९०३ साली आणि १००१ नृत्यधुनींचा संग्रह १९०७ साली शिकागो येथे निघाला. त्यांच्या सूचीत मॉरिसनचे नाव धुंडाळणे व्यर्थ आहे, कारण त्या वेळी मॉरिसन अद्याप लहान होता. शोध घ्यावयाचा तो स्वरांवरून. ब्रेंडन ब्रेनॅक (१९१२–१९८५) याने धुनींच्या आरंभीच्या स्वरांना अंक देऊन सूची करण्याची जी पद्धत राबविली, तिचे मर्म हेच. प्रस्तुत धून बहुधा ‘ई’ स्वरावरून लिहितात. त्यास षड्ज मानल्यास स्वरसप्तक आपल्या काफी थाटाचे ठरते, आणि पहिल्या चार खंडांतील आघाताचे स्वर सा प, सा म, सा प, कोमल नि म असे येतात. एवढी खूण हाती असली म्हणजे धून कोणत्याही नावाखाली दडलेली असो, ओळखता येते.

आता ध्वनिमुद्रिकेच्या साक्षीचे मोल ठरविले पाहिजे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत, आणि त्या अवधीत बहुधा दोन धुनी जोडून वाजवीत. पट्टीविषयीही सावध असावे. तबकडीला मिनिटास ७८ ऐवजी ८२-८३ फेऱ्या दिल्या तर सर्व स्वर अर्ध्या स्वरांतराने चढतात. म्हणून मुद्रणाच्या वेळचा वेग निश्चित केल्याखेरीज तबकडीवरून मूळ पट्टी ठरविणे अप्रशस्त.

स्वरलेखनाची अडचण याहून नाजूक आहे. या धुनीच्या पहिल्याच खंडात षड्ज आणि पंचम हे दोन स्वर तीन-तीन मात्रांचे लिहिलेले आढळतात. कागदावर ती जागा रिकामी दिसते. प्रत्यक्षात फिडलवादक तेथे वरच्या व खालच्या स्वरांना निमिषमात्र स्पर्श करून ‘रोल’ घेतो, आणि त्याचे कसब तेथेच प्रकट होते. अॅकॉर्डियनवर बोटांची व भात्याची हालचाल निराळी असल्याने तीच जागा निराळ्या रीतीने भरली जाते. म्हणजे मॉरिसनच्या तबकडीवरून केलेले अतिसूक्ष्म स्वरलेखनसुद्धा मॉरिस कार्मडीच्या घरी धून कशी वाजे याचा पुरावा होऊ शकत नाही. शिवाय दर आवर्तनात वादक काही ना काही बदलतो. लेखक त्यांपैकी एक निवडतो किंवा अनेकांचे मिश्रण करतो, आणि बहुधा ते सांगत नाही. मात्रांचेही तसेच : तीन समान मात्रा लिहिल्या जातात, वाजविताना मात्र पहिली किंचित लांबते व दुसरी आखडते.

सर्वांत मोठी चूक होते ती साक्षी मोजताना. अमेरिकेतील तबकड्या आयर्लंडमध्ये परत गेल्या, आणि गावोगावचे वादक ग्रामोफोनवरून त्या शिकले. त्यामुळे १९३६ नंतरची मुद्रणे आणि स्वरलेखने एकमेकांशी जुळतात म्हणून पाठ प्राचीन व स्थिर, असा निष्कर्ष काढता येत नाही. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत एकाच प्रतीवरून उतरलेल्या दहा प्रतींस आपण दहा साक्षी मानीत नाही. येथेही तोच न्याय लावावा लागतो. उलट जो पाठ मॉरिसनपासून दूर जातो, विशेषतः केरीकडचा, तो दोषयुक्त समजून बाजूस सारण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण तबकडीच्या प्रभावाबाहेरची परंपरा हाती लागलीच तर ती अशाच पाठांतून लागेल. डब्लिन येथील आयरिश पारंपरिक संगीत संग्रहालय १९८७ साली स्थापन झाले. तेथील मुद्रणे आणि छापील संग्रह शेजारी ठेवून ही तुलना करता येते. मात्र प्रत्येक नोंदीपुढे वादक, वाद्य, वर्ष आणि धून कोणाकडून घेतली हे चार रकाने आधी भरलेले असावेत.