भाड्याच्या रिगवर आरक्षण कुठे आहे?

आरक्षण संपवायचे तर घटनादुरुस्ती करावी लागेल, असा आपल्यातील पुष्कळ सुशिक्षितांचाही समज आहे. त्यामुळे संसदेत कोण काय बोलला याकडे आपले सारे लक्ष असते आणि निविदा मात्र आपण कधी वाचत नाही. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात, घटनेतील एका अक्षरालाही हात न लावता राखीव जागांचा प्रश्नच निकालात निघाला आहे. तो कसा, हे समाजबांधवांपुढे मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

‘सागर सम्राट’ हे नाव जुन्या पिढीला आठवत असेल. जपानमध्ये बांधलेली ही रिग 1973 साली मुंबईच्या समुद्रात आली आणि फेब्रुवारी 1974 मध्ये तिने बॉम्बे हायचे तेल शोधून काढले. रिग म्हणजे समुद्रात विहीर खोदणारे तरंगते यंत्र. उथळ पाण्यात ती आपले लांब पाय तळाशी टेकवते, अंग पाण्याच्या वर उचलते, विहीर खोदून झाली की पाय आवरून दुसरीकडे जाते. ही रिग देशाच्या, म्हणजे तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या मालकीची होती. पुढच्याच वर्षी, 1975 साली, सुखदेव सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की हा आयोग घटनेच्या अनुच्छेद 12 प्रमाणे ‘राज्य’ आहे. त्या खटल्यात आयुर्विमा महामंडळही होते. आयोग ‘राज्य’ असल्यामुळे समान संधीचा नियम त्याला लागू झाला. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत अनुसूचित जातींना 15 टक्के व जमातींना साडेसात टक्के जागा मिळतात. खेड्यातला आमचा मुलगा आयटीआय किंवा डिप्लोमा करून ओएनजीसीत लागला आणि त्याचे घर उभे राहिले, अशी कुटुंबे आपल्या वस्त्यांत आहेत.

आज ओएनजीसीच्या स्वतःच्या समुद्री रिग थोड्या आणि जुन्या आहेत. समुद्रातील बहुतेक खोदकाम भाड्याच्या रिगवर चालते. या रिगचे मालक देशी आहेत तसे परदेशीही. ठेका साधारण तीन वर्षांचा असतो आणि भाडे दिवसावर ठरते. रिग काम करीत असेल तर पूर्ण दर, कंपनीच्या आदेशासाठी थांबली असेल तर कमी दर, मालकाचे यंत्र ठरलेल्या सवलतीपेक्षा जास्त वेळ बंद पडले तर शून्य दर. तासातासाचा हिशेब ठेवला जातो. यंत्र थांबले की मालकाचे भाडे थांबते. मग बारा तासांच्या पाळीत थकलेल्या कामगाराने ‘थांबा, हे धोक्याचे आहे’ म्हणायचे ते कुणाच्या भरवशावर?

या रिगवर ड्रिलर, वेल्डर, क्रेनवाला, सामान हलवणारा, स्वयंपाकी असे सारे लोक असतात. ते ठेकेदाराचे किंवा त्याच्या पोटठेकेदाराचे नोकर. अनुच्छेद 16(4) त्यांच्या भरतीला लागत नाही, बिंदुनामावली नाही, अनुशेष नाही. तेल देशाचे, पैसा सार्वजनिक उपक्रमाचा, पण नोकरी खासगी!

ठेक्यातील दुसरे कलम आम्हा वकिलांना अधिक अस्वस्थ करते. तेलधंद्यात जगभर रूढी आहे की तुमचा माणूस मेला तर भरपाई तुमची, आमचा मेला तर आमची, मग चूक कोणाचीही असो. मेक्सिकोच्या आखातातील ‘डीपवॉटर होरायझन’ ही रिग ट्रान्सओशनची, भाड्याने घेतली होती बीपीने. 20 एप्रिल 2010 रोजी स्फोट होऊन 11 माणसे मेली. त्यांतील 9 ट्रान्सओशनची, 2 दुसऱ्या एका ठेकेदाराची. विहीर बीपीची होती, पण मृतांत बीपीचा एकही नोकर नव्हता. पुढे न्यायालयात दोन्ही कंपन्या समुद्रात सांडलेल्या तेलाची भरपाई कोणाची यावर भांडल्या आणि 2012 साली न्यायाधीशांना ठेक्याच्या कलमांचा अर्थ लावत बसावे लागले.

आपल्याकडे मे 2021 चे तौक्ते वादळ आठवा. पी-305 ही रिग नव्हती, कामगारांना राहण्यासाठी भाड्याने आणलेली बार्ज होती. ठेक्याची साखळी मात्र तीच. काम ओएनजीसीचे, ठेका एका कंपनीचा, बार्ज तिसऱ्याची. ही बार्ज आणि ‘वरप्रदा’ ही टग बुडून मिळून 86 जणांनी प्राण गमावले. सुरुवातीला गुन्हा नोंदला गेला तो बार्जच्या कप्तानावर, आणि तो स्वतःच बेपत्ता होता. साखळीच्या वरच्या टोकाला पोहोचायला कायद्याला नेहमीच असा उशीर होतो.

रिग विकत घेणे परवडत नाही, तेलाचे भाव पडले की ती रिकामी पडून राहते, असे कंपनीचे समर्थक म्हणतील. यात तथ्य आहे. 2014 नंतर भाव कोसळले तेव्हा जगभर रिग उभ्या राहिल्या, अनेक भंगारात गेल्या. 2024 मध्ये सौदी अरामकोने 20 पेक्षा जास्त रिगचे ठेके स्थगित केले. पण आमचा प्रश्न मालकीचा नाही, अटींचा आहे. निविदेत विम्याची अट चालते, यंत्राच्या क्षमतेची अट चालते. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणात तर अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून 4 टक्के खरेदीचे लक्ष्यही आहे. रिगचा ठेका कोणा लघुउद्योजकाच्या आवाक्यात नाही, हे वेगळे. तरी खरेदीत सामाजिक अट घालता येते हे शासनाने स्वतःच मान्य केले आहे. मग रिगवरील भरतीबाबत अट का नको?

कायद्याचा प्रवास तर उलट्या दिशेने झाला. 2001 च्या स्टील अथॉरिटी निकालाने कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, असे ठरविले. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सुरक्षा व आरोग्य संहितेत मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई आहे, पण जे काम सामान्यतः ठेकेदाराकडूनच होते ते वगळून! म्हणजे आधी काम ठेक्यावर द्यायचे, मग ते ठेक्यावरच होते म्हणून सूट घ्यायची. शिवाय ठेकेदाराच्या नियमित नोकराला ‘कंत्राटी कामगार’ ही व्याख्याच लागत नाही.

आपल्या संघटनांनी आता मोर्च्याबरोबर अर्जही करावा. ओएनजीसीच्या स्वतःच्या रिग किती, भाड्याच्या किती, प्रत्येकीवर किती माणसे, भरपाईचे कलम काय म्हणते, आणि खोदकाम विभागात 1990 साली किती राखीव पदे भरलेली होती व आज किती आहेत? माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(एफ) प्रमाणे इतर कायद्यान्वये सार्वजनिक प्राधिकरणाला मिळू शकणारी खासगी संस्थेची माहितीही मागता येते. ‘व्यापारी गुपित’ म्हणून नकार आला तर प्रथम अपील, नंतर केंद्रीय माहिती आयोग. अर्जाचे शुल्क 10 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस आहे.