अत्याचारग्रस्तेला कायद्याचा आधार

लैंगिक अत्याचाराविषयी आपल्या समाजात हळहळ पुष्कळ, पण माहिती थोडी. एखाद्या घरावर असा प्रसंग ओढवला म्हणजे आप्तेष्टांना प्रथम सुचते ते ‘चार लोक काय म्हणतील’ हे. कायदा काय म्हणतो, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. तेव्हा तेवढेच येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आजच्या कायद्याचा उगम आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९७२ साली देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाने आरोपींस दोषी ठरविले. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांस मुक्त केले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असे त्या निर्णयात कारण होते. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी १९७९ साली सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहून विचारले की, भयाने गप्प राहणे म्हणजे संमती काय? देशभर चळवळ उठली आणि १९८३ साली कायदा बदलला. पुढे २०१३ सालच्या दुरुस्तीने स्पष्टच झाले की, शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हेच तत्त्व आहे.

आता प्रत्यक्ष मार्ग पाहू. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नव्हे’ असे सांगून परत पाठविण्याचा अधिकार पोलिसांस नाही. जबाब स्त्री अधिकाऱ्यानेच नोंदवावयाचा असतो. अशा गुन्ह्याची खबर नोंदविण्यास नकार देणारा पोलीस अधिकारी स्वतःच शिक्षेस पात्र होतो. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याच्या फिर्यादीस मुदतीचे बंधन नाही; उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. तरी अंगावरचे कपडे न धुता कागदात गुंडाळून ठेवावे आणि लवकर रुग्णालय गाठावे, हे हिताचे.

रुग्णालय सरकारी असो वा खाजगी, प्रथमोपचार विनामूल्य देणे त्यास बंधनकारक आहे. त्यासाठी आधी फिर्याद नोंदविलेली असावी लागत नाही. रुग्णालयाने पोलिसांस कळवावयाचे असते; परंतु सज्ञान स्त्रीची तपासणी तिच्या संमतीनेच होते, आणि तिने ती नाकारली तरी उपचार नाकारता येत नाहीत. ‘दोन बोटांची चाचणी’ स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले व २०२२ साली ती करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी ठरविले. बलात्काराचा खटला बंद दालनात चालतो. पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा आहे.

अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा आहे. त्यात अत्याचार ठाऊक असून न कळविणे हाच अपराध होतो. शिक्षक, डॉक्टर, नातलग कोणीही त्यातून सुटत नाही. पतीकडून होणाऱ्या बळजबरीस मात्र आपला कायदा, पत्नी सज्ञान असल्यास, अद्याप बलात्कार म्हणत नाही. ही उणीव मोठी आहे. तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला संरक्षणाचा आदेश मागता येतो.

वकिलाच्या खर्चाची चिंता नको. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजनेतून अर्थसाह्य मिळते. ‘सखी’ केंद्रांत निवारा, समुपदेशन व कायद्याचा सल्ला एकत्र मिळतो. तातडीस ११२, स्त्रियांसाठी १८१ आणि बालकांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

इतके असूनही एक गोष्ट कायद्याच्या हातची नाही. ‘तू ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न कायद्याने टाकून दिला. पण आपल्या माजघरात तो अद्याप विचारला जातो. पीडितेची पहिली साक्ष न्यायालयात होत नसते, ती आई, बहीण, मैत्रीण यांच्यापुढे होते. तेथेच तिला दोषी ठरविले, तर पुढची सारी दारे उघडी असूनही ती बंदच राहतात. ‘तुझा दोष नाही, चल, मी बरोबर येते’ एवढे शब्द ज्या घरात उच्चारले जातील, त्याच घरापर्यंत हा कायदा पोहोचला असे आम्ही म्हणू.