करार, बायबलमधील

ईश्वराने मानवाशी, विशेषतः इझ्राएल लोकांशी, शपथपूर्वक जोडलेला बांधिलकीचा संबंध. या अर्थाचा मूळ हिब्रू शब्द ‘ब्रीथ’ असा आहे. बायबलमधील अनेक करारांना ‘ब्रीथ ओलाम’ म्हणजे सर्वकाळचा करार असे म्हटलेले आढळते. हे वचन लोकांच्या अपराधानेही रद्द होत नाही काय, हा प्रश्न ज्यू व ख्रिस्ती या दोन्ही धर्मांच्या विचारात मध्यवर्ती ठरला आहे. बायबलच्या ज्यू व ख्रिस्ती वाचनांत जी मोठी फारकत पडली, तिचेही एक मूळ याच प्रश्नात आहे.

‘करार’ हा मराठी शब्द अरबीतून फार्सीमार्गे आलेला असून त्याच्या मूळ अर्थात स्थैर्याची छटा आहे. तथापि आज तो ऐकताच देवघेवीचा व्यवहार करणारे दोन समान पक्ष डोळ्यांपुढे येतात. बायबलमधील करारात पक्ष समान नसतात. हिब्रू धर्मग्रंथांचा ग्रीक अनुवाद इ. स. पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत झाला. त्या अनुवादकांनी उभयपक्षी तहासाठी रूढ असलेला ‘सिन्थीकी’ हा शब्द टाळून ‘डायथीकी’ हा शब्द योजला. व्यवस्थापत्र किंवा मृत्युपत्र असा त्याचा रूढ अर्थ होता. त्याच्याच लॅटिन प्रतिशब्दावरून बायबलच्या दोन भागांना पाश्चात्त्य भाषांत नावे मिळाली व तीच मराठीत ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ अशी रूढ झाली. मराठी दप्तरातील शब्द योजावयाचा, तर अब्राहामाला मिळालेले वचन करारापेक्षा ‘कौला’च्या, म्हणजे राजाने रयतेला दिलेल्या अभयवचनाच्या, अधिक जवळचे आहे.

हिब्रू भाषेत करार ‘करीत’ नाहीत, तो ‘कापतात’. या वाक्प्रयोगामागील विधी उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात वर्णिला आहे. वृद्ध व निपुत्रिक अब्राहाम (तेव्हाचे नाव अब्राम) कालवड, शेळी व मेंढा यांचे दोन-दोन भाग करून ते समोरासमोर मांडतो. सूर्य मावळू लागताच त्याला गाढ निद्रा येते आणि अंधार पडल्यावर धुमसणारी भट्टी व जळती मशाल त्या भागांमधून जाते. कराराचा भंग करणाराची गत या पशूंसारखी होवो, असा या विधीचा आशय असावा. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात वासराच्या दोन भागांमधून जाऊन नंतर वचन मोडणाऱ्या सरदारांना हाच शाप ऐकविला आहे. सिरियातील अलेप्पोजवळच्या सफीरे येथील आठव्या शतकातील (इ. स. पू.) ॲरेमाइक तहलेखांतही कापलेल्या वासराचा असाच दृष्टांत आहे. तथापि प्राचीन तहांत शापाची जोखीम सामान्यतः दुर्बल पक्षावर असे. येथे मात्र पशूंच्या भागांमधून ईश्वराचे प्रतीक तेवढे जाते आणि अब्राहाम निद्रिस्त असतो. वचनाची सर्व जोखीम ईश्वराने स्वतःवर घेतली, असे या कथेचे सूचन आहे.

जुन्या करारातील करार एकाच प्रकारचे नाहीत. जलप्रलयानंतर नोहाशी झालेला करार सर्व सजीवांशी असून त्याला कोणतीही अट नाही. त्याची खूण मेघांतील धनुष्य होय. हिब्रूत इंद्रधनुष्याला योद्ध्याच्या धनुष्याचेच नाव आहे, हे लक्षणीय आहे. अब्राहामाला संतती व भूमी यांचे वचन मिळते व सुंता ही त्याची खूण ठरते. दावीदाला नातान संदेष्ट्याच्या मुखाने चिरस्थायी राजवंशाचे वचन मिळते. वंशजांनी अपराध केल्यास त्यांना शिक्षा होईल, पण शौलावरील कृपा जशी काढून घेतली तशी त्यांच्यावरील काढली जाणार नाही, असे त्यात म्हटले आहे (२ शमुवेल ७). याउलट सिनाय पर्वतावर मोशेच्या मध्यस्थीने झालेला करार आज्ञापालनावर आधारलेला आहे. लोक आज्ञा पाळण्याची शपथ घेतात, यज्ञपशूंचे रक्त वेदीवर व लोकांवर शिंपडले जाते आणि आशीर्वादांबरोबरच भयंकर शापही सांगितले जातात.

या दोन प्रकारांचा उलगडा प्राचीन पश्चिम आशियातील लेखांच्या आधारे करण्याचा प्रयत्न विसाव्या शतकात झाला. जॉर्ज मेंडेनहॉल यांनी १९५४ मध्ये सिनाय कराराची तुलना हिटाइट सम्राटांनी मांडलिकांशी केलेल्या तहांशी केली. सम्राटाची ओळख, त्याच्या पूर्वोपकारांचे कथन, अटी, साक्षी आणि शाप-आशीर्वाद असा त्या तहांचा क्रम असे. पुढे ॲसिरियाचा राजा एसारहॅडन याच्या इ. स. पू. ६७२ मधील शपथलेखांशी अनुवाद या ग्रंथातील शापांचे साम्य अधिक निकटचे असल्याचे दिसून आले. मोशे वाइनफेल्ड यांनी १९७० मध्ये अब्राहाम व दावीद यांच्या करारांची सांगड राजाने निष्ठावंत सेवकाला दिलेल्या वंशपरंपरागत इनामाशी घातली. हा भेद उपयुक्त असला, तरी तो फार काटेकोर मानता येत नाही. प्रत्यक्ष इनामलेखांतही अटी असू शकत, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. खुद्द बायबलमध्ये दावीदाला दिलेले वचन राजांच्या पहिल्या ग्रंथात व १३२ व्या स्तोत्रात ‘वंशजांनी आज्ञा पाळल्यास’ अशा अटीसह येते.

‘ओलाम’ या शब्दाचा अर्थही जपून घ्यावा लागतो. तत्त्वज्ञानातील कालातीत अनंतत्व त्यात अभिप्रेत नाही. दृष्टीच्या टप्प्यापलीकडचा दीर्घ काळ एवढाच त्याचा आशय आहे. धन्याला सोडून जाऊ न इच्छिणाऱ्या दासाचा कान टोचल्यावर तो ‘ओलाम’पर्यंत दास राहतो (निर्गम २१), म्हणजे आयुष्यभर. एली या याजकाच्या घराण्याला सर्वकाळच्या सेवेचे वचन दिले होते, पण त्याच्या पुत्रांच्या दुराचारामुळे ते मागे घेतल्याचे ईश्वर स्पष्ट सांगतो (१ शमुवेल २). तेव्हा ईश्वराचे प्रत्येक वचन अढळ असते, असे सरसकट विधान बायबलच्या आधारे करता येत नाही. इझ्राएलच्या निवडीचे वचन एलीच्या वचनासारखे मानावयाचे की नाही, हा खरा प्रश्न होता.

त्याचे एक उत्तर निर्गमच्या बत्तिसाव्या अध्यायात मिळते. सिनाय कराराची शाई वाळण्यापूर्वीच, असे म्हणता येईल, लोकांनी सोन्याच्या वासराची पूजा आरंभली. करार मोडला, मोशेने शिलापट फोडले. ईश्वर त्या लोकांचा नाश करून मोशेपासून नवे राष्ट्र निर्माण करण्यास सिद्ध झाला. तेव्हा मोशे लोकांच्या बाजूने कोणताही सद्‌गुण पुढे करीत नाही. अब्राहाम, इसहाक व याकोब यांच्याशी ईश्वराने स्वतःची शपथ वाहिली होती, एवढेच तो स्मरण देतो. नाश टळतो आणि नवे शिलापट कोरले जातात. सशर्त कराराला अशा रीतीने पूर्वीच्या बिनशर्त वचनाचा आधार मिळतो. शिक्षा होते, पण संबंध तुटत नाही, हे सूत्र लेवीयच्या सव्विसाव्या अध्यायातही आढळते.

या सूत्राची खरी कसोटी इ. स. पू. ५८६ च्या सुमारास लागली. बाबिलोनचा राजा नबुखद्‌नेस्सर याने जेरूसलेम जिंकून मंदिर जाळले. शेवटचा राजा सिद्कीया याच्या डोळ्यांदेखत त्याच्या पुत्रांचा वध करण्यात आला व नंतर त्याचे डोळे काढण्यात आले. भूमी, मंदिर व सिंहासन ही वचनाची तिन्ही दृश्य चिन्हे नष्ट झाली. दावीदवंशातील पूर्वीचा राजा यहोयाखीन बाबिलोनमध्ये कैदेत होता. त्याला मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद तेथील मृत्तिकापट्टांवर सापडली आहे. ज्या सिंहासनाला चिरस्थायित्वाचे वचन होते, त्याचा वारस शत्रूच्या शिध्यावर जगत होता.

या वास्तवाला सर्वांत निर्भीडपणे सामोरे जाणारी रचना म्हणजे ८९ वे स्तोत्र. त्याच्या पूर्वार्धात दावीदाला दिलेल्या वचनाचा सविस्तर उच्चार आहे. सूर्यचंद्र असेपर्यंत सिंहासन टिकेल, अशी त्यात ग्वाही आहे. आपल्याकडील दानपत्रांतील ‘आचंद्रार्क’ या संकेताची येथे आठवण होते. उत्तरार्धात मात्र ईश्वरानेच करार झिडकारला, असा उघड आरोप केला आहे व पूर्वीची कृपा कोठे गेली, असा जाब विचारला आहे. स्तोत्रात या प्रश्नाला उत्तर नाही. तथापि जाब विचारणे हेच करार जिवंत असल्याच्या श्रद्धेचे लक्षण आहे. वचन संपले असे मानणारा तक्रार करीत नाही.

बंदिवासाच्या काळातील संदेष्ट्यांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात पूर्वजांनी मोडलेल्या कराराहून वेगळा, शिळेऐवजी हृदयावर लिहिलेला ‘नवा करार’ सांगितला आहे आणि त्याला लागूनच सूर्य, चंद्र व तारे यांचे नियम ढळतील तरच इझ्राएल राष्ट्र म्हणून नष्ट होईल, असे म्हटले आहे. यहेज्केलच्या मते लोकांनी करार मोडला, तरी ईश्वर आपला करार स्मरून तो पुन्हा सर्वकाळासाठी स्थापील. यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायात दावीदावरील अढळ कृपा समग्र लोकांना देऊ केली आहे. राजा नसतानाही वचन टिकू शकेल, असा हा मार्ग होता. अशा वचनांच्या मुळाशी ‘हेसेद’ ही कल्पना आहे. करारनिष्ठा व वात्सल्य या दोहोंचा तीत संगम असल्याने कोणताही एक मराठी प्रतिशब्द तिला पुरा पडत नाही. इराणी सम्राट सायरस याच्या अनुज्ञेने इ. स. पू. ५३८ नंतर ज्यूंचे परतणे सुरू झाले व सु. ५१५ मध्ये मंदिर पुन्हा उभे राहिले. दावीदाचे सिंहासन मात्र उभे राहिले नाही. मसीहाची प्रतीक्षा या उणिवेतून दृढ झाली.

ख्रिस्ती परंपरेत येशूच्या अखेरच्या भोजनप्रसंगीचा प्याला नव्या कराराचा मानला जातो (लूक २२, १ करिंथ ११). यामुळे जुन्या कराराचे स्थान काय, हा प्रश्न उभा राहिला व नव्या करारातच त्याची एकाहून अधिक उत्तरे आहेत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पहिला करार जीर्ण झाल्याचे म्हटले आहे. त्याच पत्राचा सहावा अध्याय अब्राहामाला दिलेले वचन व त्यामागील शपथ अपरिवर्तनीय असल्याचे सांगतो. गलतीकरांस लिहिताना पौल असा युक्तिवाद करतो, की चारशे तीस वर्षांनी आलेले नियमशास्त्र आधीचे वचन रद्द करू शकत नाही. रोमकरांस पत्रात तो जैतुनाच्या झाडाची उपमा देतो : अन्य राष्ट्रांतील श्रद्धावंत त्यावर लावलेले कलम होत व मूळ कलमाला आधार देते. ईश्वराची दाने व त्याचे पाचारण मागे घेतले जात नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे (रोमकर ११).

चर्चने दीर्घकाळ पौलाच्या या निष्कर्षाकडे दुर्लक्ष केले, असेच म्हणावे लागते. दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर व इतर लेखकांनी चर्च हेच खरे इझ्राएल असल्याचे प्रतिपादन केले. मार्शनने तर हिब्रू धर्मग्रंथच त्याज्य ठरविले. चर्चने त्याचे मत पाखंडी मानले, पण इझ्राएलची निवड संपली ही धारणा टिकून राहिली व यूरोपातील ज्यूद्वेषाला तिने धार्मिक आधार पुरविला. या धारणेत एक तार्किक अडचण होती. ईश्वर एका लोकसमूहाला दिलेले सर्वकाळचे वचन मागे घेत असेल, तर दुसऱ्याला दिलेल्या वचनाची शाश्वती कोण देणार? सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने दोन्ही करार तत्त्वतः एकच असून त्यांच्या व्यवस्थेत तेवढा भेद आहे, असे मत मांडले. दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या संहारानंतर या विषयाचा मूलगामी फेरविचार झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये रोमकरांस पत्राच्या आधारे ज्यूंना ईश्वराने टाकून दिलेले मानू नये, असे घोषित केले आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८० मध्ये जर्मनीतील माइन्त्स येथे जुना करार ईश्वराने कधीही रद्द केलेला नाही, असा उल्लेख केला.

ज्यू विचारवंतांपुढे याच संहाराने ८९ व्या स्तोत्रातील प्रश्न पुन्हा उभा केला. रिचर्ड रुबेनस्टाइन यांनी १९६६ मध्ये इतिहासात हस्तक्षेप करणाऱ्या कराररक्षक ईश्वरावरील विश्वास यापुढे शक्य नाही, अशी भूमिका घेतली. अर्व्हिंग ग्रीनबर्ग यांच्या मते करार आज्ञेच्या बळावर बंधनकारक राहिलेला नाही. तरीही ज्यूंनी तो स्वेच्छेने पुन्हा स्वीकारला आहे.

आचारात मात्र कराराची खूण अखंड चालू राहिली. पुत्रजन्मानंतर आठव्या दिवशी होणाऱ्या सुंताविधीला ‘ब्रीथ’ असेच नाव असून त्या वेळी एलिया संदेष्ट्यासाठी एक आसन रिकामे ठेवतात. कोकणातील बेने-इझ्राएल समाज इतर ज्यूंपासून शतकानुशतके दूर राहिला व हिब्रू भाषाही विसरला, तरी सुंता आणि शनिवारचा विश्राम त्याने सोडला नाही. तेलाचा धंदा करणाऱ्या या लोकांना ‘शनिवार तेली’ हे नाव त्यामुळेच पडले. मलिदा या त्यांच्या विधीतही एलियाचे स्मरण केले जाते. इझ्राएलमध्ये स्थलांतर केलेल्या या समाजाच्या विवाहांसाठी तेथील मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये वंशशुद्धीच्या चौकशीची विशेष अट घातली होती. तीव्र आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्या आदेशातून बेने-इझ्राएलांचा नामनिर्देश वगळण्यात आला.