सिलेक्शन जपून ठेवताना

लग्नाच्या फोटोतल्या नवरीचे मोकळे केस पार्श्वभूमीपासून वेगळे करायला अर्धा तास सहज जातो. एवढ्या मेहनतीने आखलेले सिलेक्शन 'डीसिलेक्ट' केले की नाहीसे होते. ते राखून ठेवण्यासाठी फोटोशॉपच्या 'सिलेक्ट' मेनूत 'सेव्ह सिलेक्शन' आहे.

सिलेक्शन साठते ते अल्फा चॅनल म्हणून, म्हणजे एका कृष्णधवल चित्राच्या रूपात. पांढरा भाग निवडलेला, काळा वगळलेला, करडा अर्धवट निवडलेला. आठ बिटच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा मिळतात. त्यामुळे केसांच्या विरळ कडाही टिकतात. चॅनलवर ब्रश फिरवून कडा दुरुस्तही करता येतात. अल्फा चॅनलची कल्पना अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडली.

'लोड सिलेक्शन' म्हटले की निवड परत हजर. चेहरा आणि केस वेगवेगळे साठवले असतील, तर ते एकत्र करता येतात, एकातून दुसरे वजाही करता येते. पिक्सेलमधली लांबी-रुंदी तंतोतंत सारखी असेल, तर तेच सिलेक्शन दुसऱ्या उघड्या फोटोतही चालते. मोफत मिळणाऱ्या गिंपमध्ये हे काम 'सेव्ह टू चॅनल' करते.

फाइल मात्र पीएसडी, टिफ किंवा गिंपच्या एक्ससीएफ स्वरूपात ठेवावी. जेपीईजीत अल्फा चॅनलला जागाच नसते.