पोलिसांच्या ताब्यातला मृत्यू : चौकशी कोणी करायची?

अटकेतल्या माणसाचे हक्क आपण मागच्या भागात पाहिले. तो माणूस ताब्यातच मेला तर पुढे काय, हे आज पाहू. उदाहरण आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं आहे.

23 सप्टेंबर 2024. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी तळोजा तुरुंगातून नेला जात असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असं पोलिसांचं म्हणणं. त्याच्या दफनालाही अंबरनाथ-बदलापुरात विरोध झाला. अखेर 29 सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत पोलिस बंदोबस्तात दफन उरकलं. त्या मुलींच्या घरांवर जे कोसळलं ते पाहता हा संताप मला समजतो. तरीही शिक्षा ठरवायचं काम न्यायालयाचं होतं, आणि त्याच्यावरचा खटला आता कधीच चालणार नाही.

योगायोग असा की या मृत्यूच्या बरोबर दहा वर्षांपूर्वी, 23 सप्टेंबर 2014 रोजी, मुंबईतल्या नव्वदच्या दशकातल्या चकमकींवरून सुरू झालेल्या पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतल्या मृत्यूंसाठी सोळा नियम घालून दिले होते. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा, हे त्यातलेच.

इंग्लंडमध्ये असा मृत्यू कॉरोनरपुढे (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे), बहुधा ज्युरीसह, उघड सुनावणीत तपासला जातो. हिल्सबरो फुटबॉल मैदानावरच्या 1989 च्या चेंगराचेंगरीतले 96 जण बेकायदा मारले गेले, हे अशाच ज्युरीने 2016 मध्ये सांगितलं. मुंबईतही 1871 च्या कायद्याने कॉरोनर होता. 1999 मध्ये ते पद गेलं. ठाणे जिल्ह्यात तर तो कधीच नव्हता. इथे मृतदेहाचा पंचनामा करणार पोलिस. संशय पोलिसांवरच असेल तेव्हा त्या पंचनाम्यावर विसंबायचं कसं? म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 2005 च्या दुरुस्तीने कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दिली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती तरतूद आता कलम 196 मध्ये आहे.

बदलापूर प्रकरणात अशी चौकशी झाली. जानेवारी 2025 मध्ये अहवाल उच्च न्यायालयात आला: पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नाहीत, बळाचा वापर टाळता आला असता, पाच पोलिस जबाबदार. हा निष्कर्ष म्हणजे दोषसिद्धी नव्हे. पण एवढं समोर आल्यावर गुन्हा तरी नोंदवायला हवा होता. तो नोंदवला गेला नाही, तेव्हा 7 एप्रिलला उच्च न्यायालयाने एसआयटी (विशेष तपास पथक) नेमण्याचा आदेश दिला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल करून ती पोलिस महासंचालकांनी नेमावी, असं सांगितलं.

मूळ दुखणं इथे आहे. अहवाल आल्यावर पुढे कोणी, किती दिवसांत, काय करायचं हे कलम 196 सांगतच नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी कुणाला तरी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि गरिबाला ते कुठून झेपणार? अहवालात पोलिसांवर ठपका आला की ठरावीक मुदतीत गुन्हा नोंदवणं कायद्यानेच बंधनकारक झालं पाहिजे.

तोवर एवढं लक्षात ठेवा. दंडाधिकाऱ्यांच्या या चौकशीची माहिती शक्य तिथे नातेवाइकांना द्यावीच लागते आणि त्यांना तिथे हजर राहण्याचा हक्क आहे. तो सोडू नका. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायची तर घटनेपासून एक वर्षाच्या आत करा.