पंच आधी पोहोचला, संघ नंतर

११ जून २०१०. जोहान्सबर्गच्या सॉकर सिटीत विश्वचषकाचा पहिला सामना, यजमान दक्षिण आफ्रिका विरुद्ध मेक्सिको. शिट्टी ज्याच्या हाती होती तो रावशान इर्मातोव ताश्कंदचा, वय अवघं ३२. त्याच स्पर्धेत अर्जेंटिना-जर्मनी हा उपांत्यपूर्व आणि उरुग्वे-नेदरलँड्स हा उपांत्य सामनाही त्यानेच सांभाळला. पुढे २०१४ आणि २०१८ धरून विश्वचषकातले अकरा सामने त्याच्या नावावर लागले. तोवर एवढे सामने दुसऱ्या कुठल्याच पंचाला मिळाले नव्हते. त्याच्या देशाचा संघ मात्र या तिन्ही स्पर्धांत नव्हता. उझबेकिस्तानची पात्रता पक्की व्हायला ५ जून २०२५ उजाडावा लागला.

एखाद्या देशाचा पंच जगात पहिल्या रांगेत बसतो आणि संघ पंधरा वर्षं दाराबाहेर राहतो, याला नुसतं दुर्दैव म्हणून भागत नाही. उझबेक फुटबॉलमध्ये गुणी खेळाडूंचा दुष्काळ कधीच नव्हता. प्रश्न होता तो त्यांना मोठं कसं करायचं याचा.

सुरुवात कापसापासून करावी लागते. सोव्हिएत काळात उझबेकिस्तान हे मॉस्कोचं कापसाचं कोठार होतं. १९५६ मध्ये ताश्कंदला उभ्या राहिलेल्या क्लबला नावही कापूस पिकवणाऱ्यांचंच मिळालं : पख्ताकोर. त्याच वर्षी त्याच नावाचं स्टेडियम उघडलं. १९६० मध्ये हा संघ सोव्हिएत लीगच्या सर्वोच्च श्रेणीत गेला आणि १९६८ मध्ये सोव्हिएत चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. मॉस्कोच्या तॉर्पेदोने तो सामना १-० असा जिंकला. मध्य आशियातला दुसरा कुठलाही क्लब त्या टप्प्यापर्यंत कधी गेला नाही. त्याच १९६८ च्या हंगामात पख्ताकोरचा बेरादोर अब्दुराइमोव २२ गोलांसह लीगच्या गोलतक्त्यात संयुक्तपणे पहिला होता.

या संघाच्या यादीतली आडनावं वाचली तरी ताश्कंदचा इतिहास कळतो. १९३७ मध्ये स्टालिनच्या हुकमाने अतिपूर्वेकडच्या कोरियन कुटुंबांना उचलून मध्य आशियात आणून टाकलं. त्यांच्या वस्त्यांमधून मिखाईल आनसारखा मधल्या फळीतला खेळाडू आला आणि पख्ताकोरचा कर्णधार झाला. त्याच्या जोडीला व्लादिमीर फ्योदोरोव होता, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलेल्या सोव्हिएत संघातला. १९४४ मध्ये क्रिमियातून हाकललेल्या तातारांच्या वंशातला सर्वेर जेपारोव पुढे २००८ आणि २०११ अशा दोन वर्षी आशियाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. ज्यांना सक्तीने इथे आणलं, त्यांच्याच मुलानातवंडांनी या देशाचा फुटबॉल घडवला.

११ ऑगस्ट १९७९ रोजी हा संघ दिनामो मिन्स्कविरुद्धच्या सामन्यासाठी निघाला होता. युक्रेनमधल्या द्नेप्रोद्झेर्झिन्स्कच्या आकाशात एरोफ्लोतची दोन तू-१३४ विमानं एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले सगळे १७८ जण गेले. त्यांत पख्ताकोरचे १७ जण होते. आन आणि फ्योदोरोवही त्यांतच होते.

पण हंगाम थांबला नाही. इतर क्लबांनी आपले खेळाडू ताश्कंदला दिले आणि तीन वर्षं पख्ताकोरला खालच्या श्रेणीत ढकलायचं नाही, असं ठरलं. तेव्हा आलेल्यांपैकी मॉस्कोच्या आंद्रेई याकुबिकने १९८२ मध्ये २३ गोल करून सोव्हिएत लीगच्या गोलतक्त्यात पहिला नंबर काढला. संघ त्या वर्षी सहावा आला. बाहेरून आलेल्यांनी क्लब तगवला, ही नोंद इथे करून ठेवायला हवी, कारण तीस वर्षांनी पुन्हा माणसं बाहेरून आणली गेली आणि तेव्हाचा हिशेब निराळा निघाला.

स्वतंत्र देशाचा संघ १९९२ मध्ये ताजिकिस्तानविरुद्ध पहिला सामना खेळला. १९९४ मध्ये आशियाई महासंघात प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी हिरोशिमाच्या आशियाई खेळांत या नवख्या संघाने सुवर्णपदक पटकावलं. उपांत्य सामन्यात दक्षिण कोरियाला हरवणारा एकमेव गोल लांबून मारला तो आझामात अब्दुराइमोवने, म्हणजे बेरादोरच्या मुलाने. अंतिम सामन्यात चीनचा ४-२ असा पराभव झाला. देशात फरगाना खोऱ्यातल्या नेफ्तचीसारखे क्लब ताश्कंदच्या मक्तेदारीला धक्का देत होते. मॅक्सिम शात्स्किख दिनामो कीवमध्ये गोलांच्या राशी ओतत होता. आता विश्वचषक एकदोन पावलांवर आला, असंच कुणालाही वाटलं असतं.

ती एकदोन पावलं टाकायला तीस वर्षं लागली. २००५ मधली घटना तर नियमांच्या पुस्तकात शोभावी अशी. बहारीनविरुद्धचा प्ले-ऑफ सामना उझबेकिस्तानने ताश्कंदला १-० असा जिंकला. त्या सामन्यात उझबेकिस्तानने मिळालेल्या एका पेनल्टीवरही गोल केला होता, पण फटका बसण्याआधीच त्यांचा एक खेळाडू पेटीत शिरला होता. अशा वेळी पेनल्टी पुन्हा घ्यायची असते. जपानी पंचाने मात्र बहारीनला फ्री किक दिली. चूक उझबेकिस्तानच्या विरोधात झाली होती. फिफाने संपूर्ण सामनाच रद्द करून फेरसामना लावला, म्हणजे जिंकलेलाही हातचा गेला. फेरसामना १-१, परतीचा सामना ०-०, आणि परक्या मैदानावरच्या गोलच्या जोरावर बहारीन पुढे.

२०१३ मध्ये दक्षिण कोरियाशी गुण समसमान झाले आणि गोलफरकात उझबेकिस्तान एका गोलने मागे राहिला. प्ले-ऑफमध्ये जॉर्डनशी दोन्ही सामने १-१ झाले. मग ताश्कंदमध्ये शूटआऊट रंगलं आणि ते ९-८ असं गेलं. २०१७ मध्ये शेवटच्या सामन्यात कोरियाला घरच्या मैदानावर हरवणं भाग होतं. तो ०-० सुटला.

या अपयशांच्या मधल्या काळात पैशाचा मार्ग आजमावून झाला. २००५ मध्ये स्थापन झालेल्या ताश्कंदच्या एका क्लबने २००८ मध्ये बुन्योदकोर हे नाव घेतलं आणि त्याच वर्षी रिव्हाल्डोला करारबद्ध केलं. प्रशिक्षक म्हणून झिको आला. त्याच्यानंतर ब्राझीलला २००२ चा विश्वचषक जिंकून देणारा लुईझ फेलिपे स्कोलारीही आला. २००८ ते २०११ अशी सलग चार वर्षं लीगचं विजेतेपद बुन्योदकोरकडे राहिलं, पण आशियाई चॅम्पियन्स लीग काही हाती लागली नाही. क्लबच्या पाठीशी असलेली झेरोमॅक्स ही कंपनी २०१० मध्ये बुडाली आणि त्याच वर्षी स्कोलारी व रिव्हाल्डो दोघेही निघून गेले. गंमत अशी, की २०१२ मध्ये बड्या नावांशिवाय खेळणारा हाच क्लब चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत गेला. २००८ मध्येही तो तिथवरच पोहोचला होता.

त्या झगमगाटातून खरं काय उरलं, तर क्लबची मुलांची अकादमी. अब्दुकोदिर खुसानोव तिथेच घडला. वरच्या संघात जागा दिसेना, तेव्हा अठराव्या वर्षी तो मिन्स्कच्या एनर्गेतिक-बीजीयूकडे गेला. तिथून फ्रान्सच्या लान्सकडे आणि जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीकडे. प्रीमियर लीगमधला तो पहिला उझबेक. चेल्सीविरुद्धच्या पदार्पणात तिसऱ्याच मिनिटाला त्याच्या चुकीमुळे गोल पडला, तरी सिटीने सामना ३-१ असा जिंकला आणि खुसानोव संघात टिकला. कर्णधार एल्दोर शोमुरोदोवही बुन्योदकोरकडूनच रशियातल्या रोस्तोवला आणि तिथून इटलीत जेनोआ, रोमापर्यंत गेला. शात्स्किखचा ३४ आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम त्याने मोडला.

वयोगटातली विजेतेपदं उझबेकिस्तानला नवी नव्हती. १६ वर्षांखालील आशियाई स्पर्धा त्यांनी २०१२ मध्येच जिंकली होती. २०१८ मध्ये चीनमधल्या चांगझौला बर्फवृष्टीत २३ वर्षांखालच्या संघाने जादा वेळेच्या अगदी अखेरीस व्हिएतनामला हरवलं. गळती लागायची ती त्यापुढच्या टप्प्यावर. पोरं जिंकायची, पण मोठ्या माणसांच्या फुटबॉलमध्ये उतरायची वेळ आली, की बाकावर बसायची. त्यावर उझबेक फुटबॉल महासंघाने २०२१ मध्ये एक साधा तोडगा काढला. ऑलिंपिक नावाचा क्लब उभा केला, त्यात तरुण राष्ट्रीय संघातली मुलं भरली आणि त्यांना देशाच्या लीगमध्ये थेट मोठ्यांसमोर उभं केलं. पराभव झाले, पण खेळायला मिळालं. दुसरीकडे वीस-एकविशीतच परदेशी जाण्याची वाटही रुळली.

त्याची फळं ओळीने आली. २०२३ मध्ये घरच्या मैदानावर २० वर्षांखालील आशियाई विजेतेपद मिळालं. खुसानोव आणि अब्बोसबेक फैझुल्लायेव त्याच तुकडीतले. त्याच वर्षी १७ वर्षांखालच्या विश्वचषकात इंग्लंडला २-१ असं घरी पाठवलं. २०२४ मध्ये पॅरिसला पहिलं ऑलिंपिक घडलं. एप्रिल २०२५ मध्ये १७ वर्षांखालील आशियाई अंतिम सामन्यात यजमान सौदी अरेबियासमोर पूर्वार्धातच दोन खेळाडूंना लाल कार्ड मिळालं, तरी उरलेल्या नऊ जणांनी सामना २-० असा जिंकला.

आणि मग जूनमध्ये अबू धाबीत संयुक्त अरब अमिरातीशी ०-० बरोबरी. पात्र ठरलेला मध्य आशियातला हा पहिला देश. स्पर्धा ४८ संघांची झाली आणि आशियाच्या थेट जागा आठ झाल्या, त्यामुळे दार रुंद झालं हे खरं. पण दहा सामन्यांत एकच हार पत्करून इराणच्या पाठोपाठ दुसरा आलेला संघ केवळ रुंद दारातून आत घुसला, असं कुणी म्हणू नये. तेव्हा प्रशिक्षक होता तैमूर कपाद्झे. खेळाडू म्हणून तो शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला, आणि बहारीन व जॉर्डनच्या त्या वर्षांत राष्ट्रीय संघातच होता.

भारताला ही वाढ समोरासमोर पाहायला मिळाली आहे. हिरोशिमातल्या विजेत्यांचे प्रशिक्षक रुस्तम अक्रामोव १९९५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. बायचुंग भुतिया त्यांच्याच हाताखाली राष्ट्रीय संघात आला. फेब्रुवारी १९९६ मध्ये भारताने फिफा क्रमवारीत ९४ वं स्थान गाठलं, ते आजवरचं सर्वोत्तम. त्याच सुवर्णसंघातला इगोर श्क्विरिन पुढे मोहन बागानकडून खेळला आणि १९९९-२००० च्या राष्ट्रीय लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. त्यानंतरचे आकडे बोलके आहेत. २०२१ मध्ये कार्शीच्या नासाफने एटीके मोहन बागानला ६-० असं धुतलं. २०२३ मध्ये नमंगानच्या नवबहोरने मुंबई सिटीला ३-० ने हरवलं. जानेवारी २०२४ मध्ये कतारच्या आशियाई चषकात राष्ट्रीय संघांमध्येही तोच ३-० निकाल लागला. अक्रामोव भारतात आले तेव्हाचं अंतर हे एवढं नव्हतं. आपल्याकडे लीग झगमगीत झाली, त्यांच्याकडे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे संघ तगडे झाले.

पण तिथेही सगळं आलबेल नाही. बहुतेक क्लब अजून सरकारी उद्योगांच्या जिवावर चालतात. एजीएमके म्हणजे आल्मालिकच्या तांबे कारखान्याचीच आद्याक्षरं, झराफशानच्या किझिलकुमचा पोशिंदा खाण उद्योग. तिकिटांवर आणि प्रक्षेपणावर उभी राहणारी लीग अजून घडायची आहे. आणि मोठ्या नावाची ओढही गेलेली नाही. पात्रता मिळवून देणाऱ्या कपाद्झेच्या जागी ऑक्टोबर २०२५ मध्ये इटलीचा विश्वविजेता कर्णधार फाबियो कन्नावारो आला. ताश्कंदमध्ये त्यावर दोन तट पडले नसते तरच नवल. घरच्या माणसाने शिजवलेल्या ताटावर पाहुण्याला बसवलं, असं एका बाजूचं म्हणणं. विश्वचषकात पोर्तुगाल आणि कोलंबियासारख्यांच्या गटात अनुभवाला पर्याय नाही, असं दुसऱ्या बाजूचं.

मला हा वाद दुय्यम वाटतो. याकुबिक बाहेरचाच होता आणि तो ताश्कंदच्या कामी आला. रिव्हाल्डोही बाहेरचा, पण त्याच्या करारापेक्षा त्याच क्लबच्या अकादमीतला एक पोरगा देशाला कितीतरी जास्त देऊन गेला. प्रशिक्षक येतील आणि जातील. नऊ जणांनिशी सौदीला हरवणारी ती २०२५ ची पोरं २०३० च्या विश्वचषकापर्यंत पहिल्या अकरांत किती दिसतात, त्यावरून ठरेल की उझबेक फुटबॉलने एक पिढी कमावली, की पिढ्या घडवण्याची रीत.